बाळाचं घरातलं नाव ठेवताना: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारशाची तारीख ठरली की खऱ्या नावावरून घर डोक्यावर घेतलं जातं. लाडाच्या नावाकडं कुणी बघत नाही, आणि पुढं आयुष्यभर हाक मारली जाते ती त्याच नावानं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. जूनमध्ये पहिलीचा हजेरीपट हातात घेतला की कागदावरच्या आणि घरातल्या नावाची पहिली गाठ माझ्यासमोर पडते. मी "मल्लिकार्जुन" म्हणून पुकारते, पोरगं ढिम्म बसलेलं असतं, आणि दाराबाहेरून आई ओरडते, "मल्लू, तुलाच बोलावतायत बाई!" पालक, शेजारणी आणि नात्यातल्या लेकी-सुना जे प्रश्न परत परत विचारतात, ते इथं घेतले आहेत.

बाळाला वेगळं लाडाचं नाव हवंच का?

नाही. ओवी, ईशा, वेदा अशी दोन अक्षरी नावं तोंडात लगेच बसतात, त्यांना आणखी छाटायची गरज नसते. तरी आजी "ओवुडी" करणारच. ते कुणाला अडवता येत नाही.

लाडाचं नाव आधीच ठरवून ठेवावं, की पडेल ते पडू द्यावं?

पडू द्यावं, पण दारावर पहारा ठेवून.

हल्ली बाळ पोटात असतानाच "घरी आपण कियू म्हणायचं" असं नवरा-बायकोत ठरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात बाळ दूध पिताना "गुटूगुटू" आवाज करायला लागतं, काका त्याला "गुटल्या" म्हणतो, आणि कियू बिचारं मोबाईलच्या स्टेटसपुरतं उरतं. लाडाचं नाव बहुतेक वेळा असंच येतं. बाळाच्या एखाद्या आवाजावरून येतं, जन्माच्या वारावरून येतं (सोमवारचा सोमू, मंगळवारची मंगल), आजीच्या तोंडातल्या सवयीवरून येतं. मोठ्या भावंडाच्या बोबड्या बोलांतून आलेलं मला सगळ्यात आवडतं. तीन वर्षांच्या दादाला "तन्मयी" म्हणता येत नाही, तो "तमी" म्हणतो, आणि घर त्याच्या मागं जातं. असं नाव चिकटतं ते कायमचं, आणि दादालाही बहिणीवर थोडा हक्क वाटतो.

मग आईबापांनी काय करायचं? पहिले सहा महिने नको असलेली नावं दाराबाहेर ठेवायची. नाव रुजतं ते हसण्यावर. मामानं "ढब्बू" म्हटलं आणि सगळं घर खदखदून हसलं की मामा रविवारी पुन्हा तेच म्हणणार. हसू नका, चिडूही नका, कारण चिडण्यात लोकांना जास्त मजा येते. लगेच आपल्या पसंतीच्या नावानं बाळाशी बोलायला लागा. दिवसातून जे नाव जास्त वेळा कानावर पडतं, तेच टिकतं.

मोठं नाव निवडतानाच त्याचं लहान रूप काय होईल, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न बारशाच्या आधी विचारणारे थोडे आणि नंतर हळहळणारे फार. खरं तर ओळखणं अवघड नाही. नाव कापायची मराठी माणसाची रीत ठरलेली आहे.

घरात नावाची पहिली एक-दोन अक्षरं धरतात आणि शेवटाला ऊ किंवा ई लावतात. सिद्धारामचा सिद्धू, बसवराजचा बसू, रेवणसिद्धचा रेवू, व्यंकटेशचा व्यंकू, श्रीनिवासचा श्रीनू किंवा सीनू. अंबिकाची अंबू, राजेश्वरीची राजी. मग पोरगं गल्लीत खेळायला जातं आणि तिथं शेवटाला "या" लागतो: सिद्ध्या, बश्या, रेवण्या, व्यंक्या. त्यावर सोलापूरचा "बे" आला की काम पूर्ण. "कुठं चाललास बे सिद्ध्या?" यात अपमान शोधू नका, ही दोस्तीची पावती आहे. मुलींच्या मैत्रिणी "ए" लावतात: पूजे, सुमे, राजे. आजी "डी" लावते. यातलं काही तुमच्या हातात नसतं.

तुमच्या हातात एवढंच असतं की नाव पक्कं करण्याआधी त्याला ऊ, ई आणि या तिन्ही लावून मोठ्यानं म्हणून बघायचं. मंदार हे फुलाचं किती देखणं नाव, पण मैदानावर त्याचा मंद्या होतो. गौरवचा गवऱ्या होतो, आणि गवऱ्या म्हटल्यावर आपल्याकडं चूल आठवते. वेदांतचा वेद्या होतो, आणि वेद्याचा वेड्या करायला चौथीतल्या पोराला अर्धा मिनिट पुरतो. म्हणून ही नावं ठेवूच नयेत असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा वेदांत असतो आणि सगळे मजेत असतात. पण घरातलं लाडाचं नाव आधीच भक्कम असेल, तर गल्लीतलं रूप फार वळवळत नाही. वेदांतला पहिल्यापासून "वेदू" म्हटलं तर पोरंही बहुतेक वेदूच म्हणतात.

दुसरी परीक्षा गच्चीवरची. संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरून, खाली रिक्षा फुरफुरत असताना हाक मारून बघा. "विठूऽऽ" लांबवर जातं, "राधीऽऽ" जातं. "विहान", "रियांश" अशी नावं शेवटच्या व्यंजनावर अडतात, ताणता येत नाहीत. लाडाच्या नावांच्या शेवटाला ऊ, ई, आ येतात ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट खास सोलापूरची. सिद्धेश्वर ग्रामदैवत, त्यामुळं सिद्धाराम, सिद्धेश्वर, सिद्धलिंग, सिद्धार्थ सगळीकडं भेटतात आणि सगळ्यांचे सिद्धू होतात. एका गल्लीत तीन सिद्धू म्हणजे मग मोठा सिद्धू, बारका सिद्धू आणि चष्म्याचा सिद्धू. हे टाळायचं असेल तर नाव उलट्या बाजूनं कापा. सिद्धारामचा "राम" घ्या, मल्लिकार्जुनचा "अर्जुन", भाग्यलक्ष्मीची "लक्ष्मी". शेवटचा भाग धरून हाक मारायची सवय आपल्याकडं कमी, म्हणून तशी नावं वेगळी उठून दिसतात.

आमच्या गल्लीत कानडी, तेलुगू, उर्दू सगळं चालतं. लाडाच्या नावाचा दुसऱ्या भाषेत भलताच अर्थ निघाला तर?

निघतो, आणि त्यानं फारसं बिघडत नाही. पण माहीत असलेलं बरं.

अक्षय किंवा अक्षताला "अक्की" म्हणाल, तर कानडी शेजारणीला तांदूळ ऐकू येतो. "मीनू" म्हणजे कानडीत मासा. "नीरू" म्हणजे पाणी. "पप्पू" म्हणाल तर पूर्व भागातल्या तेलुगू घरात वरण. ही सगळी खाण्यापिण्याची नावं, चालून जातात. "इली" मात्र जपून: कानडीत तो उंदीर. त्यांच्याकडून आपल्याकडं येतानाही असंच होतं. तेलुगूत लहान मुलीला मायेनं "पाप" म्हणतात, आणि आपल्याकडच्या नव्या सुनेला पहिल्यांदा ऐकून दचकायला होतं.

दोन-तीन शेजाऱ्यांना विचारलं की काम होतं. त्यात उलट फायदाच जास्त आहे, कारण सोलापुरातल्या बाळाला तीन भाषांतली लाडाची नावं फुकट मिळतात. कानडीतलं "पुट्टा" आणि "पुट्टी", तेलुगूतलं "चिन्ना" आणि "बुज्जी", उर्दू बोलणाऱ्या घरातलं "मुन्ना" आणि "गुड्डू" ही मराठी घरांतही रुळलेली आहेत. कुठलं कुठून आलं हे कुणी विचारत नाही. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चार नावं, चार वळणांची, आणि त्यांच्या नावाचा चौक एकच. या गावात नावं अशीच राहतात.

जन्माक्षर "ङ" आलंय. गुरुजी म्हणतात त्यावरूनच नाव ठेवा. आता काय ठेवायचं?

सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं होतात. त्यात आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात. हस्ताला पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ, ण आणि ञ वरून मराठीत शब्दच सुरू होत नाहीत, नाव कुठून आणणार? त्यामुळं त्याच नक्षत्राचं शेजारचं अक्षर घेतात, किंवा जन्मनाव पत्रिकेपुरतं ठेवून पाळण्यात आवडीचं नाव घालतात. जन्मनाव चारचौघांत न सांगण्याचीही कित्येक घरांत रीत आहे, म्हणजे ते वेगळं असण्यात नवीन काहीच नाही.

काही जणांनी मधला मार्ग काढलेला मी बघितलाय. अक्षर "झ" आलं, कागदावर "अन्विता" ठेवलं आणि घरात "झुंबी". अक्षरही पाळलं गेलं आणि झुंबीही खूश.

मुलाला आजोबांचं नाव ठेवलंय. पण सासूबाई ते नाव तोंडात घेत नाहीत. हाक कशी मारायची?

लाडाची निम्मी नावं याच अडचणीतून जन्माला आली असतील. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, आणि नातवाला तेच नाव. मग रडणाऱ्या पोराला "गप रे मल्लप्पा" म्हणायचं कसं, आणि धपाटा घालायचा तर त्याहून कसं? म्हणून नातू लहानपणापासून अण्णा, आप्पा, दादा, नाना, तात्या होऊन बसायचा. चड्डीतला पोरगा आणि नाव आप्पासाहेब!

इतिहासातही हेच दिसतं. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू बाळाजी बाजीराव, पण सगळे ओळखतात नानासाहेब म्हणून. आपल्या महापालिकेची इंद्रभुवन ही वास्तू बांधणारे मल्लप्पा वारद, आणि लोकांच्या तोंडी अप्पासाहेब वारद. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातलं "बाळ", आणि घरातलंच नाव जगभर गेलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सासूबाईंनाच विचारा, "तुम्ही काय म्हणाल त्याला?" त्या जे म्हणतील तेच टिकणार आहे. दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर असतं.

बारशात आत्यानं कानात आधी ठरलेलं नाव न सांगता दुसरंच सांगितलं. आता?

आत्याचा मान आहे, आणि तो तिनं वसूल केला! "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरतं, आत्या कानाशी लागून "कुर्रर्र" करते आणि पाठीवर बुक्के खाते. एवढे बुक्के खाल्ल्यावर एक नाव तिच्या मनासारखं व्हायला काय हरकत आहे? ते घरातलं नाव म्हणून घ्या. कागदावर तुम्ही ठरवलेलंच जाणार आहे. कित्येक घरांत पाळण्यात चार-पाच नावं सांगतात, त्यातलं एक आत्याचं असतंच.

पुढच्या वेळी आत्याबाईंना आधी फोन करा, एवढंच.

माहेरी बाळाला "चिनू" म्हणतात, सासरी "बाळू". बाळ गोंधळणार नाही का?

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळं पहिलं लाडाचं नावही माहेरीच पडतं. तीन महिन्यांनी बाळंतविडा घेऊन सासरी आलं की तिकडची आजी म्हणते, "हे काय चिनू-बिनू? आमचा बाळू आहे तो." दोन्ही आज्यांचा जीव बाळावर असतो, म्हणून भांडण नावावर निघतं.

बाळ गोंधळत नाही. साधारण साडेचार महिन्यांचं बाळ आपलं नाव दुसऱ्या नावांपासून वेगळं ओळखायला लागतं, असं १९९५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. अर्थ कळत नसतो, पण वारंवार ऐकलेल्या आवाजाकडं ते जास्त लक्ष देतं. दोन आवाज वारंवार ऐकले तर दोन्ही ओळखेल. मराठी-कानडी दोन्ही भाषा ज्या घरात चालतात तिथली मुलं दोन्ही शिकतातच की.

पण एक मर्यादा घाला. चिनू, बाळू, सोन्या, राजा, पिल्लू, शोना, डुग्गू अशी दर माणशी एक हाक असेल, तर पहिल्या वर्षात घरातल्या रोजच्या माणसांनी तरी एकच नाव धरावं. बाकीचे लाड चालू राहू देत.

आणि यातली एक गोष्ट लाडाच्या पलीकडची आहे. साधारण नऊ महिन्यांचं बाळ नावानं हाक मारल्यावर वळून बघतं. वर्षाचं होत आलं तरी कुठल्याच नावाला, मागून मारलेल्या हाकेला बघत नसेल, तर "दोन नावांमुळं होत असेल" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. ऐकण्यातला दोष लवकर सापडला तर पुढचं बोलणं सावरतं.

बाळाला स्वतःला सहज म्हणता येईल असं नाव कोणतं?

प, ब, म ही ओठांवरची अक्षरं मुलं आधी काढतात, त, द, न त्यानंतर. र, ळ, श, ष यांना वेळ लागतो. म्हणून बबी, मनू, पमी, दादू, तनू अशी नावं दीड-दोन वर्षांचं मूल स्वतः सांगू शकतं. "शर्वरी" स्वतःला काही वर्षं "छव्वली" म्हणेल. तेही गोडच आहे.

"सोन्या", "छकुली", "पिंकी" ठेवलं तर?

ठेवा. फक्त भाजी मंडईत "सोन्या" अशी हाक मारल्यावर चार पोरं वळतील.

शेजारच्या कुत्र्याचं नाव "चिकू" आहे. बाळाला चिकू म्हणावं का?

म्हणा. जेवायला हाक माराल तेव्हा दोघंही येतील, ताट त्या हिशेबानं वाढा.

घरातले बाळाच्या रंगावरून "काळ्या" म्हणतात, अंगावरून "जाड्या". प्रेमानंच म्हणतात, चालेल ना?

नाही चालणार. या एका बाबतीत मी पाहुण्यारावळ्यांचंही ऐकत नाही. घरात प्रेमानं म्हटलेलं "काळी" शाळेत पोचतं तेव्हा त्याच्यातलं प्रेम गळून पडलेलं असतं, आणि ते नाव घरूनच आलंय म्हटल्यावर मुलीला तक्रारही करता येत नाही. तोतरं बोलणं, तिरळेपणा, उंची यावरून पडलेल्या नावांचंही तेच.

जुन्या काळी दगडू, धोंडू, कचरू अशी नावं मुद्दाम ठेवत. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून याला कुणाची नजर लागू नये, अशी त्यामागं माया आणि भीती होती. "नकुशी"चं तसं नव्हतं; मुलगी नको होती हे त्या पोरीला जन्मभर सांगत राहणारं ते नाव. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेच्या पुढाकारानं अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली. नाव हा मुलीच्या जिवाला लागणारा विषय आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. "शेवटी" अशा नावांमागचा विचारही जरा तपासून घ्या.

जन्मदाखल्यावर कुठलं नाव घालायचं? घाई करावी का?

कागदावर फक्त खरं नाव. लाडाचं नाव कंसातसुद्धा नको.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर दवाखानाच ती कळवतो. पण नोंद वेगळी आणि नाव वेगळं. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते, आणि नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. त्यामुळं दवाखान्यातल्या बाईंनी "नाव काय लिहू?" म्हणून विचारल्यावर गडबडीत "पिंकी लिहा" म्हणू नका. शहरात जन्म झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जायचं, खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीत. माहेरच्या गावी बाळंतपण झालं असेल तर नोंद तिकडची, दाखलाही तिकडून. हे लक्षात न घेता लोक इथं खिडकीवर उन्हात उभे राहतात.

ही काळजी पूर्वीपेक्षा आता जास्त घ्यायला हवी. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्याला जन्मदाखला हाच मूळ कागद धरला जातो. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर लिहिताना आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. या ओळीत आईचंही लाडाचं किंवा माहेरचं नाव घुसवू नका, तिच्या आधारवर आहे तेच आणि तसंच द्या.

इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून घरात चिकटवून ठेवा. श्रीनिवासच्या शेवटी डबल ए कुणी लिहितं, कुणी एकच. आत्या एका फॉर्मवर एक लिहिते, बाबा दुसऱ्यावर दुसरं, आणि दहावीच्या वर्षी घरात रडारड होते.

लाडाचं नावच कागदावर गेलंय. बदलता येतं का?

येतं. मूल अजून शाळेत असेल तर सोपं आहे, म्हणून लवकर करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव मुख्याध्यापक मनानं बदलू शकत नाहीत, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अर्ज आणि पुरावे शाळेमार्फत जातात. शाळा सोडल्यावर मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन एकेक कागद बदलत बसायचं. "बबलू" नावाचा पदवीधर मी पाहिलाय. हुशार माणूस, पण मुलाखतीत पहिली पाच मिनिटं नावाच्या हसण्यात जातात म्हणतो.

शाळेत कुठल्या नावानं बोलावतात?

हजेरीला खरं नाव, रडू आलं की घरातलं. बालवाडीत टाकायच्या आधी खरं नाव मुलाच्या कानावर महिनाभर तरी पडू द्या.

आणि याला शाळेपेक्षा मोठं कारण आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जाऊन बघा. पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या आवाजात मधेच पुकारा होतो, एक लहान मुलगा सापडलाय म्हणून. तीन वर्षांचं पोरगं पोलिसकाकांच्या कडेवर, हातात फुगा. नाव काय? "पिल्लू." बाबांचं नाव? "पप्पा." राहायला कुठं? "घरी." आता असा पिल्लू पुकारायचा कसा! तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाला स्वतःचं खरं नाव, आईबाबांची खरी नावं आणि पेठेचं किंवा नगराचं नाव पाठ हवं. जोडबसवण्णा चौक म्हणता येत नसेल तर "जोडबसण्णा" म्हटलं तरी सोलापुरात कुणीही पोचवेल. बाहेर जाताना त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, पण नाव तोंडात हवंच.

मुलगा-सून परदेशात आहेत. तिकडच्यांना म्हणता येईल असं छोटं नाव मागतात. आपलं नाव सोडायचं का?

सोडू नका, त्यातूनच कापून द्या. कागदावर अनिरुद्ध, तिकडं "अनी". मैथिलीची "माया" करण्यापेक्षा "मैथी" बरं, निदान वासाला तरी घरचं.

आपल्याकडं याचं जुनं उदाहरण आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आणि तिथले लोक त्यांना "के दीहुआ" म्हणू लागले. त्यांच्या मुलाचं नाव ठेवलं "यिनहुआ": यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देश दोन अक्षरांत. सोलापुरात मात्र ते आजही द्वारकानाथच आहेत.

जुळी झाली. नावं यमकात ठेवावीत का?

कागदावर नको, घरात चालतील. "अन्वय" आणि "अन्वित" एकाच वर्गात असले की वह्या, मार्क आणि लसीकरणाची कार्डं अदलाबदल होतात. घरात मात्र रामू-शामू, सोनी-मोनी चालू द्या, फक्त घाईत हाक मारल्यावर कोण आलं ते बघून घ्या.

मुलगी आठवीत गेली आणि आता "पिंकी म्हणू नका" म्हणते.

म्हणू नका मग. निदान मैत्रिणींसमोर. घरात हळूच विचारा, काय म्हणू? बहुतेक वेळा तिनं स्वतःचं नाव आधीच ठरवलेलं असतं, आणि ते पाळण्यातलंच निघतं. आजीला मात्र सूट द्यावी लागते, आणि हे मुलींनाही मान्य असतं.

बारशात चांदीची वाटी आलीय. सोनार विचारतो, नाव कुठलं कोरू?

वाटीवर, चमच्यावर, दुपट्यावर घरातलं नाव घाला, खाली तारीख. वाटी पुढं त्याच घरात राहणार असते, तिला दाखल्याशी जुळवायची गरज नाही. करदोट्यावर किंवा कानातल्यावर नाव कोरून घेऊ नका, अक्षरं इतकी बारीक येतात की वर्षभरात झिजतात. आणि सोनाराला नाव तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. "श्रीनू" सांगितलेल्या वाटीवर "शिनू" कोरून आलेलं मी बघितलंय.